चिकनचा इश्टू की मोठ्याचा? घरात एकमत होईना, तुम्हीच सांगा

लोंढा_पॅसेंजर
नमस्कार मंडळी. आम्ही मूळचे लोंढ्याचे, आता बेळगावात कॅम्पात राहतोय. बायकोचं दुसरं बाळंतपण होऊन चार महिने झाले. परवा तपासणीत तिचं हिमोग्लोबिन ८.६ निघालं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, "मांसाहार करता ना, मग चांगला करा" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. चांगला म्हणजे कसला, कितीचा, ते विचारायचं राहूनच गेलं.

घरी आल्यावर वाद सुरू. आई लोंढ्याहून आलीय. तिचं म्हणणं, रक्त भरायचं तर मोठ्याचाच इश्टू पाहिजे. आमच्यात रविवारी तोच होतो. बटाटा, गाजर, कांदा, मिरी, लवंग-दालचिनी, शेवटी व्हिनेगरचा शिपका आणि सोबत पाव. सासूबाई निपाणीच्या. त्या म्हणतात बाळंतिणीला मोठ्याचं जड पडतं, अंगावर पिणाऱ्या बाळाचं पोट दुखेल, चिकनचाच इश्टू करा, तोही पातळ. दोन्ही घरांत दोन्ही चालतं, तेव्हा खायचं की नाही हा प्रश्नच नाही. बायको दोघींचं ऐकून घेते आणि गप जेवते.

मी नेटवर तक्ते बघितलो. एकात चिकन पुढं, दुसऱ्यात बीफ पुढं. डोकं गरगरलं. ज्यांना खरंच माहीत आहे त्यांनी सांगा. धर्म-राजकारणाचा वाद इथं नको, एवढी हात जोडून विनंती.

निपाणीचा_आप्पा
सासूबाई बरोबर आहेत. कोंबडी. गावठी. विषय संपला.

तालमीतला
आप्पा, विषय एवढ्यात कुठं संपतोय! मी आठ वर्षं तालमीत काढलोय. आमचे वस्ताद सांगायचे, ताकद पाहिजे तर मांस, चपळाई पाहिजे तर कोंबडी. चिकनच्या छातीच्या फोडीत प्रथिनं भरपूर, चरबी नावाला. शिजलेल्या १०० ग्रॅमला ३१ ग्रॅम प्रथिनं आणि साडेतीन ग्रॅमच्या आसपास चरबी. ह्याच्यापुढं काय पाहिजे?

पुणेकरीण
एक शंका. मोठ्याचं म्हणजे नेमकं कशाचं?

खडेबाजार_कट्टा
ताई, बकऱ्याचं ते लहान, म्हशी-रेड्याचं ते मोठं. आमच्याकडं कुणी बड्याचं पण म्हणतात. दुकानात नुसतं "अर्धा किलो मोठं द्या" म्हटलं की कळतं.

आहार_ताई
मी बेळगावातल्या एका दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. लोंढा भाऊ, तुमचा गोंधळ साहजिक आहे, कारण प्रश्न एक नाही, दोन आहेत. प्रथिनं कशात जास्त, हा एक. रक्तासाठी काय चांगलं, हा दुसरा. नेटवरचे तक्ते ही दोन्ही उत्तरं एकत्र कालवतात.

प्रथिनांचं म्हणाल तर दोघांत भांडण लावण्यासारखं काही नाही. छातीची फोड ३१ ग्रॅम हे तालमीतल्या भाऊंनी बरोबर सांगितलं. पण इश्टूत किंवा रश्श्यात छाती कोण घालतं? ती चोथा होते. आपण मांडी-तंगडी घालतो. तिच्यात २५-२६ ग्रॅम प्रथिनं आणि कातडं काढलं तरी दहा ग्रॅमच्या आसपास चरबी. गाईबैलाचं मांस हळू शिजवलं तर ३० ग्रॅमच्या जवळ जातं. म्हणजे उन्नीस-बीस. ५५ किलोच्या बाईला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात, बाळ अंगावर पीत असेल तर त्याहून जास्त. ती कुठल्याही इश्टूतून आली तरी चालतात.

रक्ताचं गणित वेगळं. शिजलेल्या १०० ग्रॅम चिकनमध्ये लोह १ ते १.३ मिलीग्रॅम. बीफच्या शिजवलेल्या फोडींत अडीच ते तीन. बी-१२ जीवनसत्त्व चिकनमध्ये ०.३ मायक्रोग्रॅम, बीफमध्ये त्याच्या कितीतरी पट. लाल मांस लाल दिसतं ते मायोग्लोबिन नावाच्या स्नायूतल्या प्रथिनामुळं आणि त्या मायोग्लोबिनमध्येच लोह असतं. कोंबडीची मांडी छातीपेक्षा काळपट का, त्याचंही हेच कारण.

म्हणून रक्तापुरतं बोलायचं तर तुमच्या आईंचं पारडं जड आहे. मात्र ८.६ हा आकडा इश्टूनं भरून निघणारा नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईला दिवसाला २३ मिलीग्रॅम लोह लागतं असं आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचं २०२० चं कोष्टक सांगतं. तेवढं मांसातून आणायचं तर पातेलंभर खावं लागेल. गोळ्या चुकवू देऊ नका. इश्टू गोळ्यांच्या जोडीला, गोळ्यांच्या जागी नाही.

संकेश्वरकर
ताई, मनापासून धन्यवाद. असं स्पष्ट कुणी सांगत नाही.

कॅम्पातली_नात
आहार ताईंचं सगळं मान्य, पण एक मुद्दा सुटला. परदेशी तक्त्यातलं बीफ आणि आपल्याकडचं मोठ्याचं ही एकच वस्तू नाही. कर्नाटकात २०२० च्या कायद्यानं गाय, बैल, वासरू सगळं बंद झालं. १३ वर्षांच्या आतल्या म्हशीलाही हात लावता येत नाही. पलीकडं महाराष्ट्रात २०१५ पासून गाय-बैल बंद, म्हैस चालते. म्हणजे आपल्या पातेल्यात येतं ते म्हशीचं, तेही म्हाताऱ्या म्हशीचं. तिकडचे आकडे धान्य चारून पोसलेल्या जनावराचे.

माझे आजोबा कॅम्पातच दुकान चालवायचे, म्हणून हे घरात ऐकत वाढले. म्हशीच्या मांसात फोडीच्या आत चरबीचं जाळं जवळजवळ नसतं. चरबी असते ती बाहेरच्या बाजूला, पांढरीशुभ्र, सुरीनं सरळ निघते. वय झालेलं जनावर म्हणजे मांस काळपट-लाल आणि चिवट. म्हणून ते भाजून खात नाहीत, इश्टू नाहीतर खिमा करतात.

आहार_ताई
नात, हे तू फार नेमकं बोललीस, मी सांगायला हवं होतं. म्हशीच्या शिजलेल्या १०० ग्रॅम मांसात साधारण २७ ग्रॅम प्रथिनं, चरबी दोन ग्रॅमच्याही आत, लोह २ मिलीग्रॅमच्या थोडं वर आणि बी-१२ पावणेदोन मायक्रोग्रॅमच्या आसपास. म्हणजे लोहात चिकनच्या दुप्पट म्हणा, तिप्पट नाही. आणि चरबीत चिकनच्या तंगडीपेक्षाही हलकं! "मोठ्याचं म्हणजे जड" हा समज निदान चरबीच्या बाबतीत तरी खरा नाही.

जनावराचं वय वाढतं तसं मायोग्लोबिन वाढतं, तुझ्या आजोबांच्या काळपट-लाल रंगामागं तेच आहे. चिवटपणा येतो तो कोलॅजन नावाच्या बांधून ठेवणाऱ्या प्रथिनामुळं. मंद आचेवर दोन-तीन तास ठेवलं की त्याचं जिलेटीन होतं, मग रस्सा बोटाला चिकटतो.

निपाणीचा_आप्पा
पण ताई, जड वाटतं ते वाटतंच. मी स्वतः खाल्लोय. दुपारी खाल्लं तर संध्याकाळपर्यंत भूक नाही.

आहार_ताई
आप्पा, ते वाटणं खोटं नाही. चिवट मांस नीट चावलं नाही, कमी शिजलं, तर पोटात वेळ घेतं. उपाय शिजवण्यात आहे. आई काय जेवली म्हणून बाळाच्या पोटात कळ येईल असं मात्र सरसकट नसतं. एखाद्या बाळाला खरंच एखादा पदार्थ सोसत नाही, तर ते बघून ठरवायचं. मुळात पातेल्यात तेल किती ओतलं तेही बघा. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी. तर्री चार बोटं उभी राहिली तर खाली कोंबडी आहे की म्हैस, फरक पडत नाही.

तालमीतला
तर्रीवर बोलायचं काम नाही हां ताई! 😀

चिकोडी_ऊसवाला
आमच्यात हे काहीच चालत नाही, माळकरी घर. पण बायकोचं हिमोग्लोबिन ९ वरून ११.८ वर आलं तीन महिन्यांत, राजगिरा, शेपू, खजूर आणि गोळ्यांवर. मांसाशिवाय रक्त वाढत नाही असं कुणी समजू नये म्हणून लिहिलो.

आहार_ताई
ऊसवाले दादा, चांगलं केलंत लिहिलंत. फरक एवढाच की पालेभाजीतलं लोह शरीर थोडं घेतं, बरंच सोडून देतं. मांसातलं हीम लोह १५ ते ३५ टक्क्यांपर्यंत शोषलं जातं. पण लिंबू पिळलं, आवळा खाल्ला, तर भाजीतलं लोहही जास्त लागू पडतं. आणि मांसाच्या फोडीसोबत पालेभाजी खाल्ली तर त्या भाजीतलंही लोह अधिक शोषलं जातं. म्हणून लोंढा भाऊ, इश्टूच्या जोडीला शेपूची भाजी किंवा निदान लिंबू लावलेली कोशिंबीर ताटात असू द्या. व्हिनेगरनं इश्टू आंबट होतो, पण लिंबातलं क जीवनसत्त्व त्यात नसतं.

आणि चहा! आपल्याकडं जेवून हात धुतला की कप हातात येतो. चहा लोह अडवतो. जेवणानंतर तास-दीड तास तरी थांबा. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर ती आणि लोहाची गोळी एका वेळी नको, एक सकाळी, एक रात्री.

खानापूर_रान
इश्टूवरनं आठवलं. लोंढ्याला आमची मावशी रेल्वे क्वार्टर्समध्ये राहायची. शेजारी रेल्वेतलं एक ख्रिस्ती कुटुंब. रविवारी चर्चवरून आले की त्यांच्या घरातनं मिरीचा आणि लवंगेचा वास यायचा. आम्ही पोरं त्यांच्या पायरीवर जाऊन बसायचो. त्या आज्जी काही न विचारता ताटलीत पाव आणि वर दोन पळ्या ओतायच्या. तिखट नाही, पिवळा नाही, लाल नाही, तरी चव अशी की अजून जिभेवर आहे. कॅसलरॉककडून येणाऱ्या गाडीची शिट्टी आणि तो वास माझ्या डोक्यात एकत्रच आहेत. लोंढा भाऊ, तुमच्या आईंना पाककृती सविस्तर लिहायला सांगा की!

लोंढा_पॅसेंजर
आई म्हणते, लिहायचं काय त्यात! मोठं एक किलो, मोठ्या फोडी. चमचाभर तुपावर किंवा तेलावर आख्खा मसाला, मग कांदा, लाल नाही करायचा. मांस घालून पाणी सुटून आटेपर्यंत परतायचं. मग गरम पाणी, मीठ, बारीक आच, झाकण. मांस बोटानं दबलं की मग बटाटा-गाजर, आधी घातलं तर लगदा होतो. व्हिनेगर उतरवताना. हळद नको, खोबरं नको.

निपाणीचा_आप्पा
खोबरं नको? मग रस्सा कसला तो?

कॅम्पातली_नात
आप्पा, तो रस्सा नाहीच, इश्टू आहे. तुमचा पांढरा रस्सा तुमच्याजवळ ठेवा, आम्ही खायला येतो. 🙂

संकेश्वरकर
पायाचा रस्सा राहिला सगळ्यांत! आमच्याकडं हाड मोडलं की पाया. अशक्तपणा आला की पाया. त्यात कॅल्शियम उतरतं ना?

आहार_ताई
उतरतं, पण फार थोडं. पायात जिलेटीन भरपूर असतं, मात्र ते अपुरं प्रथिन. ट्रिप्टोफॅन नावाचा आवश्यक घटक त्यात नसतोच. आजारी माणसाला गरम, खारट, घशाखाली उतरणारं म्हणून पाया उत्तम. हाडासाठी त्याच्यापेक्षा दूध आणि नाचणी बरी.

शहापूरची_सून
दोन दिवस वाचतेय, लिहू की नको करत होते. लोंढा भाऊंनी लिहिलंय, "बायको गप जेवते." ते वाचून राहवलं नाही.

माझं लग्न झालं तेव्हा आमच्या घरात बारा माणसं. रविवारी दीड किलो मटण. पहिली पंगत सासरे, दीर, पोरं. सासूबाई वाढायच्या आणि पातेल्यातल्या फोडी त्या पंगतीतच संपायच्या. आम्ही दोघी जावा आणि सासूबाई शेवटी बसायचो. आमच्या वाट्याला रस्सा, बटाटा, मानेचं एखादं हाड, भाकरी. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. तसंच चालत आलं होतं. सासूबाईंनी स्वतःही आयुष्यभर तेच खाल्लं.

दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा माझं हिमोग्लोबिन ७.९ आलं. दवाखान्यात विचारलं, मांसाहार करता का? मी म्हटलं, होय, दर रविवारी. मला ते खोटं वाटलंच नव्हतं! आम्ही मटणच खातो असंच मी समजत होते. नंतर एका नर्सबाईंनी विचारलं, "ताटात फोडी किती येतात गं?" मी बोटं मोजायला लागले आणि मला रडू आलं.

त्या दिवशी घरी येऊन मी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या रविवारी पंगत बसायच्या आधी त्यांनी तीन वाट्या बाजूला काढून झाकून ठेवल्या. माझी, जावेची आणि स्वतःची. वीस वर्षं झाली, त्या आता नाहीत, अजून आमच्या घरात आधी वाट्या काढतात.

म्हणून भाऊ, चिकन की मोठ्याचं हे ठरवा सावकाश. आधी बघा की तिच्या ताटात काय पडतंय.

खानापूर_रान
ताई, काय लिहू. माझ्या आईचं ताट डोळ्यांसमोर आलं.

तालमीतला
आमच्या घरी मला फोडी जास्त मिळायच्या कारण "पोरगा तालमीला जातो". बहिणीला कधी कुणी विचारलं नाही, मी पण नाही. आज तिला फोन केलो.

आहार_ताई
शहापूरच्या ताई, तुमची पोस्ट मला आमच्या दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक घराला वाचून दाखवाविशी वाटते. एनएफएचएस-५ या सरकारी कुटुंब-आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या. कारणं पुष्कळ आहेत, पाळी, जंत, लागोपाठची बाळंतपणं. पण ताटातली वाटणी हे कारण कुठल्या रिपोर्टवर छापून येत नाही.

शास्त्राचं सांगायचं तर रश्श्यात उतरतं ते मीठ, थोडं जिलेटीन, काही ब जीवनसत्त्वं, मसाला आणि तेल. प्रथिनं आणि लोह बहुतेक सगळं फोडीतच राहतं. "रस्सा पी, सगळा कस त्यात उतरलाय" हे मी रोज ऐकते आणि ते बरोबर नाही. ब जीवनसत्त्वं पाण्यात उतरतात म्हणून रस्सा टाकू नये, एवढं खरं. पण फोड ती फोडच.

निपाणीचा_आप्पा
पटलं. मी सुरुवातीला "विषय संपला" लिहिलो ते मागं घेतो.

चिकोडी_ऊसवाला
मोठ्याचं रोज खाल्लं तर कॅन्सर होतो म्हणतात, त्याचं काय?

आहार_ताई
२०१५ मध्ये डब्ल्यूएचओच्या कर्करोग संस्थेनं सॉसेज-सलामीसारखं प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात घातलं, म्हणजे कर्करोगाचं कारण म्हणून पुरेसा पुरावा. साधं लाल मांस "बहुधा" या गटात. बकऱ्याचं मटणही लाल मांसातच येतं, हे लोक विसरतात. आठवड्याला शिजलेलं ३५० ते ५०० ग्रॅम ही वरची मर्यादा धरतात. आपल्याकडच्या बायका तिच्या जवळपासही पोचत नाहीत. ज्यांचं युरिक ॲसिड वाढलेलं आहे किंवा किडनीचा त्रास आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच खावं.

लोंढा_पॅसेंजर
मंडळी, आठवड्यानं परत आलोय. शहापूरच्या ताईंची पोस्ट वाचून झोप लागली नाही. आमच्यात पंगती नाहीत, सगळे एकत्र बसतो, म्हणून आमच्याकडं तसं नसेल असं वाटत होतं.

रविवारी आईनं मोठ्याचा इश्टू केला. मी काही न बोलता बघत बसलो. बायकोनं स्वतःच्या ताटात तीन फोडी घेतल्या. एक आमच्या थोरल्या पोरीनं मागितली, दिली. एक मला वाढली, "तुम्ही घ्या, मला बटाटा आवडतो." उरली एक. मी उठून स्वयंपाकघरातला काटा आणला आणि ती फोड तोलली. ३५ ग्रॅम. ताईंच्या हिशेबानं लोह पाऊण मिलीग्रॅम पण नाही. चिकनच्या दिवशी तर तिला पाठीचा तुकडा आणि पंखच येतो, हाडं काढली तर काय उरतं!

आई आणि सासूबाई दोघी बघत होत्या. आठवडाभर भांडल्या त्या, पण ह्याच्यावर दोघी एकदम बोलल्या, "अगं, सांगायचं नाहीस का?" बायको म्हणाली, "कुणी विचारलं नाही." मला मान वर करता आली नाही.

आता असं ठरलंय. रविवारी आणि बुधवारी मोठ्याचा इश्टू, तिची १०० ग्रॅम फोडींची वाटी आधी निघणार. मधे दोनदा चिकन, मांडीच्या फोडी तिला. दुपारी अंडी. सासूबाई लिंबू आणि शेपूचं बघणार. चहा पाच वाजता. गोळी रात्री. चिकनच्या काळजाबद्दल, म्हणजे कलेजीबद्दल, आहार ताईंना विचारायचं होतं, दुकानदार म्हणाला रक्ताला चांगलं.

आहार_ताई
दुकानदार बरोबर बोलला. शिजलेल्या १०० ग्रॅम काळजात लोह ११ मिलीग्रॅमच्या वर जातं. मोठ्याच्या मांसाच्या पाचपट! आठवड्यातून एकदा ५०-६० ग्रॅम द्या, जास्त नको, अ जीवनसत्त्व त्यात फार असतं. पुढं कधी दिवस राहिले तर त्या काळात काळीज टाळा. महिन्यानं रक्त परत तपासा.

पुणेकरीण
मी विचारलेल्या एका ओळीच्या शंकेवरून किती शिकले. घरी काटा नाही, आज आणते.

लोंढा_पॅसेंजर
आभार ताई. एक शेवटचं, आई दोन तास चुलीपाशी थांबते, तिचे गुडघे दुखतात. कुकरला केलं तर चालतंय का?

कॅम्पातली_नात
चालतंय की. पहिली शिट्टी मोठ्या आचेवर, मग बारीक आचेवर चाळीस मिनिटं. वाफ आपोआप जाऊ दे, शिट्टी उचलू नका, फोडी कडक होतात. मग झाकण काढून बटाटा-गाजर घालून उघड्यावर शिजवा. आईंना सांगा, व्हिनेगर त्यांनीच घालायचं.